धाडीनंतरची भाषा

रसेल होबन यांची 'रिडली वॉकर' ही इंग्रजी कादंबरी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा दुसऱ्याच पानावर अडकलो. शब्द ओळखीचे वाटायचे आणि नीट पाहायला गेलं की निसटायचे. स्पेलिंग सगळी मोडलेली, विरामचिन्हं जवळपास नाहीत, कुठे दोन शब्दांचा एक झालेला, कुठे एकाचे दोन. शेवटी मी ते पान मोठ्याने वाचायला लागलो. दहा-पंधरा ओळींनंतर कानाला कळायला लागलं आणि मग डोळ्यांनाही दिसायला लागलं. ही युक्ती मला नवी नव्हती. 'लीळाचरित्र' मी कॉलेजात असल्यापासून असंच वाचत आलो आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीचं पान मनातल्या मनात वाचलं तर दगडासारखं गप्प बसतं, मोठ्याने वाचलं की बोलायला लागतं.

तेव्हा हे साम्य मला वरवरचं वाटलं होतं. पुढे कळलं की होबन यांनी जी गोष्ट कल्पनेने रचली, त्यातली बरीचशी आपल्या नगर जिल्ह्याशी जोडलेल्या एका पंथाच्या इतिहासात खरोखर घडून गेली आहे: एक मोठी धाड, हरवलेला ग्रंथ, आठवणीतून पुन्हा उभं केलेलं वाङ्मय आणि ते जपण्यासाठी मुद्दाम घडवलेली लिपी. म्हणून या लेखात दोन्हींबद्दल एकत्र लिहितो आहे.

आधी कादंबरी. होबन यांचा जन्म १९२५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या आघाडीवर होते, नंतर मुलांच्या पुस्तकांचे लेखक म्हणून नावारूपाला आले आणि १९६९ मध्ये लंडनला येऊन राहिले. १४ मार्च १९७४ रोजी ते कँटरबरीचं कॅथीड्रल पाहायला गेले. तिथल्या एका भिंतीवर पंधराव्या शतकातलं चित्र आहे, संत युस्टेसच्या आयुष्याचं. मूळ चित्र फार पुसट झालंय, म्हणून प्राध्यापक ट्रिस्ट्रम यांनी तयार केलेली त्याची प्रतिकृती समोर लावलेली आहे. रानात शिकारीला गेलेल्या रोमन सेनापतीला हरणाच्या शिंगांमध्ये ख्रिस्ताचा क्रूस दिसतो. पुढे त्याची बायको हिरावली जाते. नदी ओलांडताना एका तीरावरचं मूल लांडगा नेतो, दुसऱ्या तीरावरचं सिंह नेतो आणि हा माणूस मधल्या पाण्यात हात जोडून उभा. पुसटलेलं मूळ आणि समोर त्याची अंदाजाने केलेली नक्कल, या जोडीतून होबन यांना कादंबरी सुचली. लिहायला साडेपाच वर्षं गेली. सुरुवात त्यांनी नेहमीच्या इंग्रजीत केली होती. शेकडो पानं लिहून झाल्यावर ती टाकून दिली, कारण पात्रांच्या तोंडची भाषा आपोआप मोडत चालली होती आणि त्या मोडण्यातच गोष्ट आहे हे त्यांच्या लक्षात आलं. पुस्तक १९८० मध्ये आलं. ते लिहून झाल्यावर आपल्याला धड स्पेलिंग येईनासं झालं, असं ते सांगत.

गोष्ट घडते अणुयुद्धानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी, इंग्लंडच्या केंट परगण्यात. माणसं पुन्हा कुडाच्या कुंपणाआड राहतात, भाले बाळगतात, रानटी कुत्र्यांच्या टोळ्यांना भितात. जुन्या जगाचं लोखंड चिखलातून खणून काढणं हाच त्यांचा मोठा उद्योग. बारा वर्षांचा रिडली ही गोष्ट स्वतः लिहितो. तसलंच एक यंत्र खणून काढताना त्याचा बाप दबून मरतो आणि बापाचं काम पोराच्या गळ्यात पडतं. ते काम कोणतं, तर सरकारी माणसं गावोगाव बाहुल्यांचा खेळ घेऊन येतात, त्या खेळाचा अर्थ गावाला उलगडून सांगायचा. आपल्याकडे कीर्तनकार निरूपण करतो, तसंच म्हणा.

त्यांची भाषा ही झिजलेल्या नाण्यासारखी आहे. छाप पुसट झालाय, पण व्यवहार चालतो. देशाचं नाव 'इंग्लंड'चं 'इनलँड' झालंय. कँटरबरीचं 'केंब्री'. डोव्हर बंदराचं 'डू इट ओव्हर', म्हणजे 'पुन्हा कर'. व्हिटस्टेबलचं 'विडर्स बेल', म्हणजे 'विधवेची घंटा'. पंतप्रधान म्हणजे 'प्राइम मिनिस्टर', त्याचा 'प्राय मिन्सर' झालाय आणि तो बाहुल्यांचा खेळ घेऊन हिंडतो. संगणक कधीचे गेले, पण एखाद्या निष्कर्षाला येण्यासाठी लोक अजून 'प्रिंटआउट'सारखाच शब्द वापरतात. तो कुठल्या यंत्रातून आला हे कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांत हलवून टाकणारा शब्द आहे 'ॲडम'. बायबलातला आदिपुरुष ॲडम आणि विज्ञानातला ॲटम, म्हणजे अणू, हे दोन शब्द लोकांच्या तोंडी एक होऊन गेलेत. म्हणून त्यांच्या पुराणकथेत युसा नावाचा माणूस एका छोट्या चकाकणाऱ्या माणसाला दोन्ही हातांनी ओढून फाडतो आणि जग जळतं. अणूचं विभाजन त्यांच्या आठवणीत एवढंच उरलंय: एका माणसाला फाडणं. विचार केला तर ही आठवण खोटी म्हणता येत नाही.

हे मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. 'प्रतिष्ठान'चं पैठण झालं, 'ऋद्धिपूर'चं रिद्धपूर. हे नैसर्गिक झिजणं. जिभेला सोपं ते उरतं. होबन यांच्या गावांच्या नावांत मात्र आणखी एक गोष्ट होते. झिजून निरर्थक झालेल्या आवाजाला लोक नवा अर्थ चिकटवतात. त्याचीही उदाहरणं आपल्याकडे आहेत. गोऱ्यांच्या छावणीत पहारेकरी अंधारात 'हू कम्स देअर' असं ओरडायचा. देशी शिपायांनी त्याचं 'हुकुमदर' केलं आणि त्यात त्यांना 'हुकूम' ऐकू आला. 'लॉर्ड'चा 'लाटसाहेब' झाला. आमच्याकडे विहिरीवरच्या डिझेल पंपाला म्हातारी माणसं अजून 'इंजान' म्हणतात, रेल्वेच्या थांब्याला 'टेसन'. अहमदनगर शहराला तर कित्येक पिढ्या नुसतं 'नगर' म्हणत आल्या आहेत. २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव झालं तरी एस.टी.त बसताना माणूस 'नगरला चाललोय' असंच म्हणतो. भाषा पिढ्यान्‌पिढ्या जिभांवरून घासत येते ती अशी. होबन यांनी त्या घासण्याला दोन हजार वर्षांचा वेग दिला, मध्ये एक आग लावली आणि लिहिणारा माणूस जवळजवळ नाहीसा केला.

आता आपल्याकडची गोष्ट.

नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात गोदावरीच्या काठी कमालपूर नावाचं गाव आहे. महानुभाव पंथाची माणसं त्याला डोमेग्राम म्हणतात. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा इथे मुक्काम होता आणि त्या आठवणी 'लीळाचरित्रा'त आहेत. ज्यांनी त्या लिहिल्या ते म्हाइंभट याच जिल्ह्यातल्या सराळ्याचे. मोठे शास्त्री होते. वादात हरवणारा कुणी भेटत नाही अशी ख्याती. चक्रधरांपुढे त्यांचा अहंकार गळाला आणि ते शिष्य झाले.

परंपरेप्रमाणे १२७४ मध्ये चक्रधर गेले. शिष्य रिद्धपूरला, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सावलीत जमले. तिथे चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य स्वामींच्या लीळा मनात आठवत बसत. म्हाइंभटांच्या लक्षात आलं की या आठवणी माणसांबरोबर जातील. मग त्यांनी जे केलं त्याला आजच्या भाषेत क्षेत्रकार्य म्हणता येईल. ज्यांनी जे पाहिलं त्यांना ते विचारायचं, गावोगाव जाऊन भेटायचं, कोणती लीळा कुणाकडून मिळाली याचं भान ठेवायचं आणि मग ती नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायची. शके १२००, म्हणजे १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' असं उभं राहिलं. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. त्यात स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, कोणतं कुत्रं पायाशी आलं, एवढ्या बारीकसारीक गोष्टी आहेत. तत्त्वज्ञान या बारकाव्यांतून येतं. ग्रंथ मराठीत राहिला याचं श्रेय नागदेवाचार्यांचं. संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्या पंडितांना त्यांनी बजावलं की मला स्वामींनी मराठीत सांगितलंय, मराठीतच विचारा. संस्कृतात लिहिलं तर साध्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील ही त्यांची काळजी होती.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचं राज्य संपलं. नागदेवाचार्य १३०२ मध्येच गेले होते. स्वाऱ्यांच्या धामधुमीत महानुभाव साधू पांगले आणि त्या पळापळीत 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी गेली. म्हाइंभटांनी एकेका माणसाला भेटून जमवलेलं सगळं एका धाडीत नाहीसं झालं.

ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो लोकांच्या आठवणीतून. नागदेवाचार्यांची शिष्या हिराइसा एकपाठी होती, म्हणजे एकदा ऐकलेलं तिच्या मनात तसंच्या तसं राहायचं, असं परंपरा सांगते. तिच्या तोंडून जो पाठ मिळाला त्याला 'हिराइसा पाठ' म्हणतात. दुसऱ्यांनी आपापल्या आठवणीतून सांगितलं, त्यांचे वेगळे पाठ झाले. या पाठांत फरक होते. इथे महानुभाव संकलकांनी जे केलं त्यापुढे माझी मान झुकते. त्यांनी फरक पुसले नाहीत. एका लीळेची दुसरी आठवण मिळाली तर तीही नोंदवली आणि तिला 'एकी वासना' असं म्हटलं. पडताळून नीट केलेल्या पाठाला 'शोधु' म्हटलं. आठशे पानांच्या आधुनिक संशोधित आवृत्तीच्या तळटीपांत जे काम होतं, ते चौदाव्या शतकात परागंदा झालेल्या लोकांनी केलं.

आता यातला एकच शब्द जवळून पाहा. 'वासना'. आज हा शब्द उच्चारला की काय मनात येतं ते सांगायला नको. एखाद्या तरुण वाचकाने 'लीळाचरित्र' उघडलं आणि मधेच 'एकी वासना' दिसलं तर तो गोंधळेल, कदाचित भलताच अर्थ लावेल. तिथे तिचा अर्थ आहे 'दुसरी एक आठवण', मनावर उरलेला ठसा. एखाद्या फुलाचा वास हाताला राहतो तशी घडून गेलेल्या गोष्टीची वासना माणसाच्या चित्तात राहते. दोन माणसांच्या चित्तात ती दोन तऱ्हांनी राहिली, म्हणून दोन पाठ. 'शोधु'चंही तसंच. आज 'शोध' म्हणजे हुडकणं. तिथे शुद्ध करणं. 'गोसावी' आज आडनाव आहे. तिथे स्वामी, मालक, चक्रधर स्वतः. 'मर्दन' म्हटलं की आपल्याला शत्रू आठवतो. तिथली 'मर्दना' म्हणजे अंगाला तेल चोळून घालायची आंघोळ. 'आरोगणा' म्हणजे जेवण, 'बीजें करणे' म्हणजे आदराने जाणं-येणं. सगळे शब्द आपलेच आहेत, म्हणून जास्त फसवतात. पूर्ण परक्या भाषेत आपण सावध असतो.

होबन यांच्या कादंबरीचं मर्मस्थान हेच आहे. त्यातला प्राय मिन्सर, गुडपार्ली त्याचं नाव, त्याच्याकडे जुन्या जगातला एक कागद असतो. तो कँटरबरीच्या त्या युस्टेसच्या चित्राची माहिती देणारा आहे, आजच्या साध्या इंग्रजीत. अख्ख्या पुस्तकात मोडक्या भाषेची सवय झालेल्या वाचकाला अचानक स्वच्छ इंग्रजी दिसतं आणि तेच परकं वाटतं. गुडपार्ली त्या कागदाचा अर्थ लावतो. इंग्रजीत 'हॅम्लेट' म्हणजे वाडी; तो त्यात 'हॅम' पाहतो आणि छोटं डुक्कर समजतो. 'हार्ट' म्हणजे मोठं हरीण, पण उच्चार काळजाच्या 'हार्ट'सारखाच; आणि 'वुड' म्हणजे रानही, लाकूडही. म्हणून रानातलं हरीण त्याला 'लाकडाचं काळीज' वाटतं आणि लाकडाचं काळीज म्हणजे कोळसा. एका संताच्या चित्राच्या माहितीपत्रकातून तो स्फोटक दारूची कृती शोधून काढतो. आश्चर्य म्हणजे पुढे दारू खरंच तयार होते: कोळसा, गंधक आणि सोरा. सोऱ्याचं इंग्रजी नाव 'साल्टपीटर', तो त्यांच्या तोंडी 'सॉल आणि पीटर' अशी दोन माणसं झालाय.  

गुडपार्ली चुकला कुठे? त्याला शब्दांचे आवाज मिळाले, पण ते कुठल्या माणसांच्या तोंडून कुठल्या प्रसंगी निघाले हा धागा तुटला होता. निरूपण करायला कुणी उरलं नव्हतं. महानुभावांनी नेमका तो धागा तुटू दिला नाही. गुरूने शिष्याला सांगायचं, शिष्याने पुढे सांगायचं, पोथीतला शब्द आणि त्याचा अर्थ एकत्र चालायचा. चक्रधरांची वचनं वेगळी काढून केसोबासांनी 'सूत्रपाठ' केला आणि स्वामींनी दिलेले ११४ दृष्टांत 'दृष्टांतपाठा'त आणले. पंथातला साधक हे पाठ करतो, केवळ वाचत नाही. मुनि व्यास कोठी यांची 'स्थानपोथी' तर फारच विलक्षण आहे. स्वामी जिथे जिथे बसले, उतरले, जेवले ती ठिकाणं, देवळाचं तोंड कुठल्या दिशेला, ते गावापासून कुठे, हे सगळं तिच्यात नोंदलेलं आहे. राज्य बुडालंय, माणसं पांगलीत, अशा वेळी कुणीतरी हिंडून जमीन आणि आठवण यांची गाठ बांधून ठेवली. 'रिडली वॉकर'च्या सुरुवातीला इनलँडचा नकाशा छापलेला आहे. तो नकाशा कल्पनेतला, आपली 'स्थानपोथी' प्रत्यक्ष पायाखालची. तिच्या आधाराने आजही त्या जागांवरचे ओटे ओळखले जातात, त्यांवर माथा टेकला जातो.

मग आली लिपी. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत उतरवायला सुरुवात केली. त्यातली सगळ्यांत प्रचलित 'सकळ' लिपी रवळोबासांनी केली असं मानतात. 'सह्याद्रिवर्णन' लिहिणारे तेच हे. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा कितीतरी लिप्या निघाल्या.

तत्त्व साधं आहे. देवनागरी अक्षरांची ठरलेली अदलाबदल करायची. समजा आपण ठरवलं की 'क'च्या जागी 'म', 'म'च्या जागी 'क' आणि 'ल'च्या जागी 'र' लिहायचा. मग 'कमल' लिहिलं की कागदावर दिसेल 'मकर'. ज्याला किल्ली माहीत नाही तो मगर समजेल, ज्याला माहीत आहे तो कमळ वाचेल. (हे उदाहरण माझं, सकळ लिपीतली अदलाबदल वेगळी आणि बरीच गुंतागुंतीची आहे, नेहमीच्या शब्दांना त्यात खास खुणाही आहेत.) लहानपणी आपण सगळेच 'च'ची भाषा बोललो आहोत. 'कमळ'चं 'चमळक' करायचो आणि घरच्या मोठ्यांना कळत नाही म्हणून खूश व्हायचो. सकळ लिपीत फरक एवढाच की बदल जिभेवर होत नाही, कागदावर होतो. ज्याला येतं तो त्या विचित्र अक्षरांकडे पाहून सरळ मराठी बोलतो.

'रिडली वॉकर' आणि सकळ पोथी यांचं खरं नातं मला इथे दिसतं. दोन्ही डोळ्यांना परक्या आणि कानाला आपल्या. होबन यांचं मोडकं स्पेलिंग मोठ्याने वाचलं की केंटच्या शेतकऱ्याचं इंग्रजी ऐकू येतं. सकळ पोथी मोठ्याने वाचली की गोदाकाठची मराठी. कागद हे कुलूप आणि किल्ली मात्र आवाजात.

लिपी का केली, यावर मतं वेगवेगळी आहेत. परक्यांच्या हाती पडून विटंबना होऊ नये म्हणून, अनधिकारी माणसाने वाचू नये म्हणून, मजकूर थोडक्यात मावावा म्हणून. मला यातली सगळीच कारणं खरी वाटतात. धाडीत एकदा सगळं गमावलेल्या लोकांना ग्रंथ लपवावासा वाटला तर त्यात नवल काय? परिणाम मात्र असा झाला की पंथाबाहेर हे वाङ्मय शतकानुशतकं बंद राहिलं आणि पंथाच्या आत ते फार दूरवर गेलं. महानुभाव साधू पंजाबात गेले, पेशावरला गेले, काबूलपर्यंत गेले. तिथे त्यांना 'जयकृष्णी' म्हणत. घरात पंजाबी बोलणारे साधू सकळ लिपीतली पोथी उघडून तेराव्या शतकातली मराठी वाचत. फाळणीनंतर तिकडचे अनुयायी इकडे आले.

कुलूप बाहेरच्यांसाठी उघडलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९१० च्या सुमारास वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडून दाखवली. पंथातल्या महंतांनीही विश्वासाने पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. त्यांच्या औदार्याचा उल्लेख कमी होतो, तो व्हायला हवा. 'महाराष्ट्र सारस्वत'चे वि. ल. भावे यांनी हे वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणलं. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून 'लीळाचरित्र' भागाभागाने छापलं. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढली, म्हणजे म्हाइंभटांच्या संकलनाला बरोबर सातशे वर्षं झाली तेव्हा. लंडनच्या इयन रेसाइड यांनी १९७० मध्ये सकळ लिपीवर सविस्तर निबंध लिहिला. ॲन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या लीळांचं इंग्रजी भाषांतर १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं.

नगर जिल्ह्यातच दुसरीही एक गोष्ट घडली, उलट्या वाटेने. कमालपूरहून गोदावरीच्या धारेने खाली गेलं की टोक्याला प्रवरा तिला मिळते आणि प्रवरेच्या काठी थोडं वर नेवासं आहे. तिथे १२९० मध्ये, शके १२१२ ला, 'ज्ञानेश्वरी' सांगून झाली; ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात तो पैसाचा खांब आजही पूजला जातो. 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांत बारा वर्षांचं अंतर, मुलूखही जवळचा. पण 'ज्ञानेश्वरी' कुलपात गेली नाही. ती घराघरात गेली, ज्याच्या त्याच्या तोंडी बसली, नकलून घेणाऱ्याने आपल्या काळच्या मराठीत नकलली. तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, एकनाथांना पैठणला बसून पाठ शुद्ध करावा लागला, आणि पुढे कुणी यात आपली ओवी घालू नये असं त्यांना बजावावं लागलं. एकनाथांच्या आधीचा पाठ कसा असेल या ध्यासाने राजवाड्यांनी पाटांगणची पोथी मिळवून १९०९ मध्ये वेगळी 'ज्ञानेश्वरी' छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं.

म्हणजे एक ग्रंथ सगळ्यांचा झाला आणि हातोहाती बदलत गेला. दुसरा मोजक्यांचा राहिला आणि त्यात परक्या हाताची भेसळ झाली नाही. जुन्या मराठीचं रूप पाहायला अभ्यासक महानुभाव पोथ्यांकडे वळतात ते म्हणूनच. अर्थात आज हाती असलेल्या पोथ्याही पुष्कळ नंतरच्या नकला आहेत, तेव्हा त्यांतला प्रत्येक शब्द तेराव्या शतकातला आहे असं धरून चालणं चूक ठरेल. कोणता मार्ग चांगला, हे मला ठरवता येत नाही. 'ज्ञानेश्वरी' बदलली म्हणून मराठी माणसाच्या श्वासात गेली. 'लीळाचरित्र' लपलं म्हणून आपल्याला तेराव्या शतकातल्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. मला दोन्ही हवे आहेत.

'रिडली वॉकर'सारखं पुस्तक अभ्यासायचं कसं, असं मला काही विद्यार्थी विचारतात. त्यांना मी आधी शब्दकोश बाजूला ठेवायला सांगतो. तयार टिपा असतात, त्याही बाजूला. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, दोघं मिळून वाचलीत तर अधिक बरं. कळलेला शब्द वहीत लिहा आणि त्यापुढे तो कुठल्या जुन्या शब्दाचा अवशेष असेल याचा आपला अंदाज लिहा. अंदाज चुकला तरी खोडू नका, खाली दुसरा लिहा. पुस्तक संपेपर्यंत त्या वहीत एका शब्दाचे तीन-तीन अर्थ जमलेले असतात आणि बहुतेक वेळा होबन यांना तिन्ही अभिप्रेत असतात. मग त्यांना 'लीळाचरित्रा'तली एखादी छोटी लीळा देतो आणि हेच करायला लावतो. खेड्यातून आलेली पोरं इथे शहरातल्यांच्या पुढे जातात. ज्यांच्या घरात आजी 'कव्हा आलास', 'आवंदा पाऊस नाय' असं बोलते, त्यांच्या कानाला जुन्या मराठीचे हेलकावे लवकर सापडतात. प्रमाण भाषेच्या शाळेत ज्या बोलीची त्यांना लाज वाटायला लावली जाते, तीच इथे त्यांच्या हातातली किल्ली असते. हे त्यांना कळतं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

गेल्या हिवाळ्यात अशाच दोघांना, एका मुलाला आणि एका मुलीला, घेऊन मी कमालपूरला गेलो होतो. गावाच्या पाटीवर कमालपूर लिहिलेलं. नदीकडे जाताना निळसर वस्त्रातल्या एका म्हाताऱ्या साधूबाबांना मुलाने विचारलं, "बाबा, डोमेग्राम हेच का?" ते म्हणाले, "हेच. दंडवत प्रणाम." मग त्यांनी ओट्यापाशी नेलं आणि तिथली लीळा सांगायला लागले. पोथी उघडली नव्हती. एके ठिकाणी थांबून म्हणाले, "यात दुसरी एक वासना आहे, तीही ऐका." मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि वही काढली.